घरातील झुरळांचा बंदोबस्त : परिसर अभ्यासातील एक पाठ

अंगावर आलेली जबाबदारी कोणी टाळली की ती ‘झुरळासारखी झटकून टाकली’ असे मराठीत म्हणतात. घरोघरी झुरळांचा बंदोबस्तही बहुधा याच रीतीने होत असतो. दिसले की झटकावे, चप्पल उगारावी, केरसुणी फिरवावी आणि झोपावे. झटकलेले झुरळ मात्र फडताळामागे जाऊन थांबते व दिवा मालवल्यावर त्याच ओट्यावर परत येते. चपलेचा नेम का चुकतो, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. झुरळाच्या शरीराच्या मागील टोकास दोन आखूड काड्यांसारखे अवयव असतात व त्यांवर अतिसूक्ष्म केस असतात. खाली येणाऱ्या चपलेने लोटलेली हवा या केसांना आधी लागते आणि सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात झुरळ पळू लागते. माणसाचा हात तितका चपळ नाही. सबब, या प्राण्याशी हातघाईची लढाई करण्यापेक्षा त्याचे राहणे, खाणे व पिणे समजून घेणे अधिक फलदायी ठरते, आणि समजून घेण्याचे काम शाळेचे आहे.

हा पाठ तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासात कीटक, पाणी अथवा स्वच्छता यांपैकी कोणत्याही घटकास जोडून घेता येतो. तथापि पाठाचा आरंभ कसा करावा याविषयी एक सूचना आधीच द्यावयास हवी. “कोणाकोणाच्या घरी झुरळे आहेत? हात वर करा,” हा प्रश्न वर्गात विचारू नये. हात वर करणाऱ्या मुलाकडे वर्ग वळून पाहतो, आणि संध्याकाळी ते मूल घरी जाऊन “गुरुजी म्हणाले आपलं घर घाण आहे” असे आईला सांगते. गुरुजी तसे म्हणालेले नसतात, पण आईच्या कानी तेच पोचते. वस्तुतः झुरळे असणे हा घरच्या बाईच्या आळसाचा पुरावा नव्हे. गळका नळ, तडकलेली मोरी, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, उघडे गटार आणि दुकानातून आलेली पुठ्ठ्याची खोकी ही झुरळे येण्याची खरी कारणे होत, व यांपैकी बहुतेकांची दुरुस्ती त्या बाईच्या एकटीच्या हाती नसते. यास्तव आरंभ शाळेपासूनच करावा. शालेय पोषण आहाराची खोली आणि वाचनपेटीचे कपाट ही दोन्ही ठिकाणे झुरळांच्या आवडीची आहेत. “आपल्या शाळेत झुरळे कोठे राहत असतील?” असा प्रश्न विचारला असता कोणाचीही मान खाली जात नाही आणि सर्वांची जिज्ञासा जागी होते.

खेड्यातील घरांत मुख्यत्वे दोन प्रकारची झुरळे आढळतात. एक मोठे, तांबूस तपकिरी, सुमारे साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब. त्याच्या मानेवरील ढालीस फिकट पिवळी कड असते. ते मोरी, गटार, संडास, जुना माळा अशा अंधाऱ्या व दमट जागी राहते. दुसरे लहान, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर, फिकट तपकिरी; त्याच्या मानेवर दोन गडद समांतर रेघा असतात. हे स्वयंपाकघर सोडून सहसा फार दूर जात नाही. गॅसच्या शेगडीखाली, फ्रिजच्या मागील उबदार भागात, डब्यांच्या फळीच्या सांध्यात याचा मुक्काम असतो. दोहोंतील फरक मुलांनी ओळखावयास शिकणे केवळ ज्ञानासाठी नाही. मोठे झुरळ दिसले तर मोरीकडे पाहावे व लहान दिसले तर ओट्याकडे, एवढे जरी ध्यानी आले तरी शोधाचे अर्धे काम होते.

या लहान झुरळास जगभर ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. लिनियस याने १७६७ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना जर्मनीचा उल्लेख केला, तेव्हापासून ते नाव चिकटले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतरा देशांतील २८१ झुरळांची आनुवंशिक तपासणी करण्यात आली. या जातीचे मूळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात अथवा म्यानमारमध्ये असावे, असे तीतून दिसून आले. मोकळ्या रानात राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून ही जात निघाली, माणसाच्या घरात शिरली आणि पुढे त्याच्या सामानाबरोबर जगभर पोचली. तेव्हा हा परदेशी पाहुणा आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

झुरळाच्या आयुष्यात अंडे, पिल्लू व प्रौढ अशा तीनच अवस्था असतात. फुलपाखराप्रमाणे त्यास कोशावस्था नाही. पिल्लू आकाराने लहान व पंखहीन असते आणि कात टाकीत टाकीत वाढते. नुकतीच कात टाकलेले झुरळ पांढरेशुभ्र दिसते. त्यास मुले निराळी जात समजतात, पण काही तासांत त्याचा रंग पुन्हा तपकिरी होतो. मादी अंडी सुटी घालीत नाही, एका कठीण डबीत घालते. मोठ्या झुरळाची डबी चवळीच्या दाण्याएवढी व गर्द तपकिरी असून तीत सुमारे सोळा अंडी असतात. ती डबी मादी एखाद्या सांदीत चिकटवून निघून जाते व महिना-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. लहान झुरळाच्या डबीत तीस ते चाळीस अंडी असतात. पिल्ले निघण्याची वेळ होईपर्यंत मादी ती डबी पाठीमागे बाळगून हिंडते. बहुतेक कीटकनाशके या डबीच्या आत शिरत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘मागल्या महिन्यात फवारले होते, पुन्हा आली’ या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण हेच होय.

येथे गणिताचा एक लहानसा विषयही निघतो. एका डबीतून पस्तीस पिल्ले निघाली व त्यांपैकी सतरा माद्या झाल्या असे धरावे. प्रत्येकीने एकच डबी घातली तर पुढील पिढीत किती पिल्ले होतील? सतरा गुणिले पस्तीस, म्हणजे ५९५. प्रत्यक्षात यांतील बरीच मरतात. पण मादीही एकाच डबीवर थांबत नाही. चौथीतील मुलास हा गुणाकार सहज येतो आणि त्याचे उत्तर फळ्यावर लिहिल्यावर वर्गात जी कुजबुज उठते, तीत पाठाचे प्रयोजन मुलांना आपोआप कळून येते.

आता या पाठाच्या गाभ्याकडे वळावयाचे. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढते, हे अनेकांस ठाऊक असते. ते पाण्यावाचून किती काढते, हा विचार सहसा केला जात नाही. लहान झुरळावर झालेल्या जुन्या प्रयोगांत असे आढळले की, पाणी मिळत असेल आणि अन्न मुळीच नसेल तर मादी सुमारे सहा आठवडे जगते. उलट कोरडे अन्न भरपूर असूनही पाणी नसेल तर ती दोन आठवड्यांच्या आतच मरते. मोठे झुरळ याहून चिवट असते, पण म्हणूनच ते मोरीचा ओलावा सोडीत नाही. घरोघरी सारी शक्ती अन्न झाकण्यात खर्च होते आणि रात्रभर मोरी ओली राहते. खरकटी भांडी पाण्यात भिजत पडतात, माठाखालच्या तबकात पाणी साचते, ओट्यावर ओले फडके पसरलेले असते, नळ थेंबथेंब गळत असतो. झुरळांना याहून अधिक काही लागत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांकडून जर एकच काम घरी करवून घ्यावयाचे असेल तर ते हे : निजण्यापूर्वी घरातील पाणी कोठे कोठे उघडे आहे ते पाहून यावे. पाहून यावे इतकेच. दोष दाखवू नये. पाहिलेल्या जागांची यादी दुसऱ्या दिवशी वहीत करावी. नावे न वाचता सर्व याद्या एकत्र करून फळ्यावर मांडल्या की कोणाचे घर कोणते, हा प्रश्न उरत नाही. मग गळका नळ हा दहा घरांतील गळका नळ होतो आणि पालकसभेत त्याविषयी बोलणे सोपे जाते.

झुरळापासून अपाय होतो तो कोणता, हे सांगताना अतिशयोक्ती करू नये. झुरळ सहसा चावत नाही. परंतु ते गटारातून निघून थेट भाकरीच्या टोपलीत येते, आणि त्याच्या पायांवर व विष्ठेतून हगवण व अन्नविषबाधा घडवणारे जंतू येऊ शकतात. त्याची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात वाळून धुळीत मिसळते. ही धूळ श्वासावाटे गेल्याने काही मुलांना दम्याचा त्रास होतो अथवा असलेला वाढतो, हे आता चांगले सिद्ध झालेले आहे. रात्री सतत खोकणारे अथवा धाप लागणारे मूल वर्गात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते त्या वेळी त्याची नोंद अवश्य करून द्यावी. त्रास अधिक असल्यास पथकाची वाट न पाहता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे.

झुरळे कोठे आहेत हे शोधून काढण्यासाठी एक सोपे साधन आहे व ते मुलांच्या मदतीने शाळेतच तयार होते. रुंद तोंडाची, आतून गुळगुळीत अशी प्लास्टिकची रिकामी बरणी घ्यावी. तिच्या आतील बाजूस, काठाखाली दोन बोटे रुंदीचा तेलाचा अथवा व्हॅसलीनचा पट्टा फिरवावा. बाहेरून जुन्या वर्तमानपत्राचा कागद चिकटवावा, म्हणजे झुरळास वर चढता येते. आत पिकलेल्या केळ्याची फोड अथवा ओल्या पावाचा तुकडा ठेवावा. झुरळ वासाने आत उतरते आणि तेलकट पट्ट्यावरून पाय घसरत असल्याने त्यास वर येता येत नाही. अशा चार बरण्या संध्याकाळी पोषण आहाराच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवाव्या : एक मोरीजवळ, एक शेगडीखाली, एक तांदळाच्या गोण्यांपाशी, एक कपाटामागे. सकाळी शिक्षकाने प्रथम बरणीत साबणाचे पाणी ओतावे. झुरळ नाकाने श्वास घेत नाही. त्याच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस छिद्रांच्या दहा जोड्या असतात, त्यांतून हवा आत जाते. साबणाचे पाणी ही छिद्रे व्यापते व झुरळ थोड्याच वेळात मरते. त्यानंतर मुलांनी हात न लावता, बाहेरूनच मोजावे व तारीख, जागा, मोठी किती, पिल्ले किती असे लिहावे. ज्या बरणीत पिल्ले अधिक, तिच्या जवळच वस्ती आहे असे समजावे. कारण पिल्ले फार लांब जात नाहीत. मोजणी झाल्यावर बरण्या मोठ्यांनीच रिकाम्या कराव्या आणि सर्वांनी हात साबणाने धुवावेत.

वस्तीची जागा कळली की उपाय तेथेच करावयाचा असतो, साऱ्या घरभर नव्हे. ओट्याच्या व भिंतीच्या मधील फट सिमेंटने बुजवावी. गवंडी मिळण्यास उशीर असेल तर तोवर जाड कागद खळीने न चिकटवता मेणाने बसवावा, कारण खळ हे झुरळाचे खाद्यच आहे. (वाचनपेटीतील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात त्याचे कारणही बांधणीची खळच.) मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. किराणा मालाचे पुठ्ठ्याचे खोके घरात ठेवून घेऊ नये. अंड्यांच्या डब्या त्याच्या घड्यांतून येतात. गॅसच्या टाकीखालची व शेगडीखालची जागा आठवड्यातून एकदा कोरडी पुसावी. रद्दीचा गठ्ठा जमिनीवर न ठेवता उंच, उजेडाच्या जागी ठेवावा. ही कामे घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनीही करावयाची आहेत, हे पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगावे. नळाची चकती बदलणे, फट बुजवणे ही कामे पुरुष हौसेने करतात, फक्त कोणी तरी ती त्यांची आहेत असे सांगावे लागते.

यापुढील भाग शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण येथे प्रश्न मुलांच्या जिवाचा आहे. झुरळे मारण्यासाठी खडूच्या आकाराचे कीटकनाशक बाजारात मिळते. त्यात डेल्टामेथ्रिनसारखे विष असते. ते पांढरे असते, हातात घेतल्यास खडूच वाटतो आणि त्याने रेघ उमटते. ज्या मुलाने दिवसभर खडूशी मैत्री केली, त्यास घरी ओट्याखाली तसाच तुकडा मिळाला तर ते काय करील हे शिक्षकाखेरीज अधिक कोणास कळणार? ते जमिनीवर त्याने अक्षरे काढील, बोटे तोंडात घालील, पाटीही पुसेल. हा खडू शाळेच्या आवारात कदापि आणू नये, शाळेच्या खडूच्या डब्याजवळ तर नाहीच नाही. मुलांना एक नियम घोकून घ्यावयास लावावा : शाळेबाहेर सापडलेला खडू उचलायचा नाही, मोठ्या माणसाला दाखवायचा.

दुसरा धोका याहून मोठा आहे. शेतात फवारून उरलेले द्रव्य घरातील झुरळांसाठी वापरण्याची सवय अनेक गावी आहे. आपल्या बोलीत त्यास ‘औषध’ म्हणतात. कपाशीला औषध मारले, तुरीला औषध मारले. लहान मुलाच्या कानी ‘औषध’ हा शब्द आजारपणातील गोड बाटलीशी जोडलेला असतो. म्हणून वर्गात बोलताना शिक्षकांनी हा शब्द जाणीवपूर्वक टाळून ‘विष’ हाच शब्द वापरावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. ही फवारणी उघड्या शेतात झाली होती. तेच विष बंद स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याशेजारी वापरणे किती घातक ठरेल हे वेगळे सांगावयास नको. पूर्वी घरांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉस या विषावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. एखाद्या घरी जुनी बाटली शिल्लक असेल तर ती वापरू नये. कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा व हिरवा या उतरत्या क्रमाने विषाची तीव्रता सांगतो. हे चिन्ह फळ्यावर रंगीत खडूंनी काढून शिकवावे. रिकामा डबा अथवा बाटली नमुना म्हणून वर्गात आणू नये.

मग विष मुळीच वापरू नये काय? पाणी तोडून व फटी बुजवून पंधरवडा झाल्यावरही बरण्यांत झुरळे सापडत असतील तर घरातील प्रौढाने मर्यादित उपाय करावा. कॅरम खेळणाऱ्यांच्या परिचयाची बोरिक पावडर स्वस्त असते. ती कोरड्या फटीत, फडताळामागे, मुलांचा हात न पोचेल अशा जागी अगदी पातळ थरात फुंकावी. ढीग दिसला की झुरळ त्यास वळसा घालते, आणि ओल्या जागी पावडर गोळा होऊन निरुपयोगी होते. पावडरीवरून गेलेले झुरळ पाय व मिशा चाटून स्वच्छ करते तेव्हा विष त्याच्या पोटात जाते. परिणाम दिसण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. साखर व कणीक मिसळून याच पावडरीच्या गोळ्या करण्याची रीत प्रसिद्ध आहे, परंतु लहान मूल असलेल्या घरी ती टाळलेलीच बरी. बाळाच्या दृष्टीने तो लाडूच असतो. बाजारात मिळणारे आमिषाचे जेल मुगाच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांनी सांध्यांत लावले असता लहान झुरळांवर अधिक गुण देते, कारण विष खाऊन मेलेल्यांचे अवशेष व विष्ठा पिल्ले खातात व तीही मरतात. जेथे जेल लावले तेथे फवारा मारू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळे आमिष सोडून दुसऱ्या खोलीत पांगतात. पेटत्या शेगडीजवळ फवारा मारणे आगीस निमंत्रण होय. गोड आमिष काही काळाने चालेनासे झाले तर ते बदलून पाहावे. अमेरिकेत काही ठिकाणची झुरळे ग्लुकोज टाळू लागल्याचे १९९३ साली नोंदले गेले. त्यांना ते कडू लागते, असे २०१३ साली आढळले. डांबराच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात व मुलांच्या रक्तास अपाय करू शकतात, म्हणून त्या दप्तरात, कपाटात वा मोरीत टाकू नयेत. तमालपत्र व काकडीच्या सालींविषयी घरोघरी बरेच सांगितले जाते. त्यांनी अपाय नाही, पण झुरळांची वस्ती हटते असेही नाही.

मुलाने विष तोंडात घातल्याचा संशय आला तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याने अपाय वाढतो. तोंडातील उरलेला भाग काढून टाकावा, चूळ भरता येत असल्यास भरवावी, हात व त्वचा साबणाने धुवावी, कपडे बदलावे, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाचे वेष्टन अथवा डबा डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत द्यावा. ही सूचना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पोषण आहाराच्या खोलीच्या दारावर लावावी.

बरण्या पहिल्या मोजणीनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा ठेवाव्या, व आकडा उतरला तरी दोन महिन्यांनी आणखी एकदा ठेवाव्या. कारण सांदीत राहिलेल्या डब्यांतून तोवर पिल्ले निघालेली असतात. तिन्ही मोजण्यांचे आकडे एकाच तक्त्यावर, जागांच्या नावांसह, वर्गाच्या भिंतीवर लावावे. दुसऱ्या मोजणीत मोरीजवळचा आकडा घटला आणि गोण्यांजवळचा घटला नाही, तर कारण शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे. गोण्या भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर ठेवून तिसरी मोजणी काय सांगते ते त्यांनाच वाचू द्यावे.